मदत हवी आहे : .457 एअर रायफल आणि हवेचा हिशोब

हवाबाण (सॅन अँटोनियो, टेक्सास)

मंडळी, नमस्कार. एअर रायफलवरचा जुना धागा सापडला नाही म्हणून नवा काढतोय. चुकून दुसरीकडे चर्चा झाली असेल तर दुवा द्या.

एका मित्राच्या रँचवर रानडुकरांनी उच्छाद मांडलाय. एका रात्रीत अख्खं कुरण उकरून ठेवतात. त्यांच्यासाठी एअरफोर्स कंपनीची टेक्सन घेतली, .457 बोअरची (नळीचा व्यास, इंचांत). रायफलची हवेची टाकी 490 सीसी, भरायचा दाब 3000 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), रेग्युलेटर (दर गोळीला दाब सारखा ठेवणारा भाग) नाही. शिशाची 350 ग्रेनची (साधारण 23 ग्रॅमची) गोळी वापरतो.

बंदूक झकास आहे, रडगाणं हवेचं आहे. ॲल्युमिनियमची 80 क्युबिक फुटांची स्कूबा टाकी (पाणबुडे पाठीवर घेतात ती) घेतली. डाइव्ह शॉपवाला ती 3000 पर्यंत भरून देतो. पण दुसऱ्या दिवशी रायफलला जोडली की पहिल्याच भरण्यात काटा 2750 च्या आसपास अडतो आणि पुढे दर खेपेला आणखी खाली. टाकीत हवा तर बक्कळ शिल्लक दिसते! गळती नाही, साबणाचं पाणी लावून पाहिलंय.

मित्राच्या 4500 च्या टाकीवर रायफल पूर्ण 3000 भरून क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) लावला. वेग असे आले (फूट/सेकंद): 762, 776, 774, 758, 731, 700. दर गोळीला साधारण 150 पीएसआय उतरतात.

आता काय करू? कार्बन फायबरची टाकी घेऊ की कॉम्प्रेसर? हातपंप कृपया सुचवू नका. तो मारून पाहिलाय, त्यापेक्षा डुकरं परवडली.

पाणबुड्या (मालवण)

बंदुकीतलं मला कळत नाही, पण टाक्यांशी रोजचा संबंध आहे. तुमची टाकी भराभर भरत असणार. घाईने भरली की हवा तापते. समजा भरताना आतली हवा 50 अंशांवर गेली आणि काटा 3000 दाखवतोय. तीच टाकी रात्रभरात 25 अंशांवर आली की काटा 2770 वर. कुठेही गळती नाही, हवा तेवढीच, दाब गेला. दुकानदाराला सांगा, सावकाश भर, आणि गार झाल्यावर पुन्हा वरचा दाब दे. चांगला असेल तर हो म्हणेल. टाकीवर लिहिलेल्या दाबाच्या वर मात्र भरून मागू नका.

आणि उरलेली हवा “शिल्लक” वगैरे समजू नका. तुम्हाला उपयोग फक्त रायफलच्या दाबाच्या वर जेवढी आहे तेवढ्याच हवेचा. पाण्याखाली आम्ही 3000 पासून 500 पर्यंत श्वास घेतो, तुम्हाला पहिले शे-दोनशेच कामाचे.

दहा_मीटर (पुणे)

आम्ही .177 वाले. 200 बार दाब भरला की दोनशेच्या वर गोळ्या निघतात, त्यामुळे हवेचा विचारच करत नाही. तुमचा आकडा वाचून छाती दडपली. 490 सीसीमधून 150 पीएसआय म्हणजे बाहेरच्या दाबाची जवळजवळ 5 लिटर हवा, एका गोळीला!

पण मालक, तुमचे वेग परत बघा. 3000 ला पहिली गोळी 762 आणि दुसरी 776. दाब जास्त असूनही वेग कमी, कारण जास्त दाबाखाली बंदुकीच्या हातोडीला हवा सोडणारा व्हॉल्व्ह पुरता उघडता येत नाही. मग 3000 कशाला भरता? 2850 भरा, तीन बार टाका, 2400 ला थांबा. 776, 774, 758, म्हणजे तिन्ही गोळ्या जवळजवळ एकाच उंचीवर. चौथी 731 ला खाली जाणार, अंतर लांब असेल तर चांगलीच.

हिशोब करतो. 2400 ते 2850 भरायला साधारण 15 लिटर लागतात. तुमची टाकी आतून 11.1 लिटरची, म्हणजे दर भरण्याला तिचा दाब 20 च्या आसपास उतरेल. गार टाकीत खरोखर 3000 असेल तर 2850 पर्यंत सात भरणं, वीसेक गोळ्या. 3000 चा हट्ट धरलात तर एकही नाही.

(आपल्याकडे .177 च्या वर बोअर किंवा 20 ज्यूलच्या वर ताकद असेल तर परवाना लागतो. त्यामुळे तुमची मजा आम्ही वाचूनच घ्यायची.)

रानवाटा

शिकारीला परवानगी आहे का तिकडे? की असंच?

हवाबाण

@रानवाटा, टेक्सासने 2018 पासून हरणासाठीसुद्धा मोठ्या बोअरच्या एअर रायफलला परवानगी दिली आहे, किमान .30 बोअर वगैरे अटींवर. डुकरं इथे परकी आणि शेतीला ताप, त्यामुळे त्यांच्यावर कुणी डोळे वटारत नाही.

@दहा_मीटर, हे डोक्यातच आलं नव्हतं राव. 2850 करून बघतो. मग कार्बनची टाकी लागेल का?

यंत्रभाऊ (ह्यूस्टन)

लागेल. 6.8 लिटरची 4500 वाली घ्या, तिच्यातून 2850 ची चाळीसेक भरणं सहज निघतील. पण ॲल्युमिनियमची विकू नका. रायफल आधी तिच्यावर लावायची, जाईल तिथपर्यंत, आणि वरचे शेवटचे दोनशे फक्त कार्बनवरून घ्यायचे. अशा जोडीत महागडी हवा दुपटीने पुरते. स्कूबाची सगळीच दुकानं 4500 भरत नाहीत, पेंटबॉलवाल्यांकडे विचारा.

छोटा 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर रायफल थेट भरायला ठीक. त्यावर 6.8 लिटरची टाकी भरायला गेलात तर तापून सील जातील. शिवाय आपल्या किनाऱ्याकडच्या दमट हवेत पाणी किती निघतं ते बघाच: मी दर थोड्या वेळाने ड्रेन उघडतो, तर गढूळ फवारा येतो. मॉलिक्युलर सीव्हचा (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचा) फिल्टर नसेल तर ते पाणी सरळ बंदुकीच्या व्हॉल्व्हमध्ये.

ओ-रिंगला (रबरी सीलला) फक्त सिलिकॉन ग्रीस. पेट्रोलियमचं तेल दाबाखाली पेट घेतं. आणि कुणी वेल्डिंगचा ऑक्सिजन स्वस्तात देतो म्हणाला तर तिथून पळा.

हवाबाण

दुकानदाराने कुरकुरत का होईना, सावकाश भरून दिली. सकाळी 2960. 2850 वर पाच भरणं झाली, सहावं जरा कमी पडलं. गोळ्या तीन-तीनच्या, गट (निशाणावरचा फैलाव) आधीपेक्षा निम्मा. सगळ्यांचे आभार!

आता एक जुनी कार्बनची टाकी विकायला दिसतेय. बनावट 2009 ची, दिसायला नवीकोरी, किंमत अगदीच पडेल. विकणारा म्हणतो हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने टाकीची तपासणी) करून घ्या की झालं.

पाणबुड्या

नको. अशा टाक्यांचं आयुष्य 15 वर्षं असतं आणि हायड्रो दर 5 वर्षांनी. 15 उलटली की टेस्ट करून मिळतच नाही, आणि धड दुकानदार भरूनही देणार नाही. लेबलवरची तारीख ताजी असलेली बघा, चार पैसे जास्त गेले तरी.