आमचा मेटल अल्बम स्वतःच काढतोय पण १९८० चा तो आवाज येतच नाहीये, मदत करा

रिफवेडा:
मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. आमचा चौघांचा बँड, दोन गिटार, बेस, ड्रम्स, आणि गातो तो बेसवालाच. तीन वर्षं गाणी बसवली, आता नऊ गाणी रेकॉर्ड झालीयेत, एकूण ५२ मिनिटं. लेबलच्या मागे लागायचं नाही, स्वतःच काढायचा हे पहिल्यापासून ठरलेलं. हवा होता तो १९८० च्या आसपासच्या ब्रिटिश बँडांचा आवाज, म्हणजे दोन गिटारी जोडीने सुरात पळतायत, बेस वेगळा ऐकू येतोय, गायक खरोखर गातोय. मिक्सिंग बाहेर एका इंजिनिअरला दिलं होतं, आणि जे परत आलं ते ऐकून दोन दिवस आम्ही एकमेकांशी नीट बोललोच नाही. तसं वाईट नाहीये, स्वच्छ आहे, मोठं आहे, पण आमचं वाटत नाही. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) टाइपरायटरसारखी टकटक वाजते, स्नेअरचा (समोरच्या खणखणीत ड्रमचा) प्रत्येक ठोका अगदी सारखा, गिटारची नुसती भिंत झालीये. वर टेपचं प्लगिन, म्हणजे जुन्या टेपसारखा आवाज करणारं सॉफ्टवेअर, लावून बघितलं, थोडा खणखणाट कमी झाला, बाकी जैसे थे. यातून आता काही करता येईल का सगळं परत वाजवावं लागेल? आणि विनाइल काढायची फार इच्छा आहे, ५२ मिनिटं बसतील का त्यावर?

जुनी_कॅसेट:
आधी एक सांग, कच्चे ट्रॅक तुमच्याकडे आहेत का? म्हणजे मिक्स व्हायच्या आधीचे, प्रत्येक माइकचे वेगवेगळे. नसतील तर आजच्या आज मागून घे, बाकी सगळं नंतर. आयर्न मेडन या ब्रिटिश मेटल बँडने १९७८ च्या डिसेंबरअखेर जो डेमो केला त्याची मास्टर टेप विकत घ्यायला त्यांच्याकडे पैसे नव्हते, दोन आठवड्यांनी परत गेले तर टेप पुसलेली. मग आहे तसंच १९७९ मध्ये 'द साउंडहाउस टेप्स' म्हणून स्वतःच काढलं, ५००० प्रती, पोस्टाने विकल्या. त्यांचं निभावलं, पण तुझ्यावर ती वेळ कशाला.

आता आवाजाचं. टेपचं प्लगिन म्हणजे शेवटचा हात, त्याने मूळ चित्र बदलत नाही. तू जे सांगतोयस त्यावरून ड्रम्सवर सॅम्पल, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेले तयार ठोके, चढवलेत आणि प्रत्येक ठोका कॉम्प्युटरवर ग्रिडवर, म्हणजे तालाच्या आखीव रेघांवर, ओढून बसवलाय. जुन्या रेकॉर्डवर ड्रमर कोरसला किंचित पुढे जातो, सोलो संपला की थोडा मागे येतो, आणि बाकीचे त्याच्याबरोबर जातात कारण एकत्र वाजवत असतात. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये जवळजवळ एका दिवसात वाजवून झाला होता, तिथे एडिटला वेळच कुठे होता. तर सॅम्पल पूर्ण बंद कर, ओव्हरहेड (ड्रम्सच्या वर टांगलेले) आणि खोलीचे माइक यांचा आवाज वर आण, किक-स्नेअरचे जवळचे माइक फक्त आधाराला ठेव. एका गाण्यावर करून बघ आणि इथे सांग.

बेसचा_भक्त:
गिटारची भिंत कशाने झाली ते मी सांगतो, गेन, म्हणजे अँपवरचं ते बटण ज्याने आवाज फाटका होत जातो. सगळ्यांना वाटतं त्या काळी खूप डिस्टॉर्शन होतं पण नीट ऐक, गेन कमी असतो आणि अँप मात्र जोरात असतो, पिक तारेवर आपटलेली कळते. गेन वाढवला की सगळे स्वर एका लगद्यात जातात आणि वर दोन्ही गिटारी चार-चार वेळा वाजवून एकावर एक चढवल्या असतील तर विचारूच नको. एक गिटार पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे, बस, दोघांच्या हातातला फरक ऐकू आला पाहिजे, तीच तर मजा आहे. आणि गिटारमधला खालचा गडगडाट काप, ती जागा बेसची आहे. एकटी गिटार ऐकलीस तर पातळ वाटेल, घाबरू नकोस, बेसबरोबर लाव मग कळेल.

ग्रिडबद्दल मात्र मी जुनी_कॅसेटच्या थोडा पुढे जाऊन सांगतो, क्लिक (कानात ताल देणारी टकटक) लावून वाजवलं म्हणून काही बिघडत नाही, बिघडतं ते नंतर माउसने ओढल्यामुळे.

सुई_आणि_खाच:
विनाइलचं मी बोलतो. ३३ च्या स्पीडला एका बाजूला १८ ते २२ मिनिटं ठेवलीस तर आवाज दणदणीत राहतो. ५२ म्हणजे एका बाजूला २६, बसतं, पण खाचा जवळजवळ घ्याव्या लागतात म्हणून लेव्हल खाली येते आणि मग सुईची खरखर वर येते, मेटलला ते फार लागतं. शिवाय बाजूच्या शेवटी, आतल्या वर्तुळात, झांजा आणि गायकाचा 'स' फाटायला लागतो, म्हणून सगळ्यात वेगवान गाणं शेवटी ठेवू नकोस, तिथे संथ काहीतरी टाक. खालचा बेस डावी-उजवीकडे नको, मध्यभागी हवा. विनाइलसाठी मास्टर, म्हणजे छापायला द्यायची शेवटची प्रत, वेगळा करून घे, कमी दाबलेला, म्हणजे सगळं सारखंच मोठं न केलेला. खरं तर स्ट्रीमिंगलाही फार दाबून उपयोग नाही, बहुतेक ठिकाणी जास्त मोठं गाणं आपोआप खाली आणतात, मग दाबल्याचा तोटा तेवढा उरतो.

कव्हरवर खर्च जमत नसेल तर त्याचंही टेन्शन घेऊ नका. डायमंड हेड या ब्रिटिश बँडने १९८० मध्ये पहिला अल्बम स्वतःच काढला तेव्हा कव्हर कोरं पांढरं होतं, नाव नाही, गाण्यांची यादी नाही, बँडमधल्या कोणाची तरी सही फक्त. पुढे मेटालिकाने त्यातली गाणी वाजवली आणि जगभर पोचली.

रिफवेडा:
खूप आभार सगळ्यांचे, खरंच. कच्चे ट्रॅक मिळाले, दोन हार्ड डिस्कवर ठेवलेत. काल रात्री एका गाण्याचे सॅम्पल बंद केले आणि आमच्या ड्रमरचे स्नेअरवरचे ते बारीक बारीक ठोके परत ऐकू आले, सॅम्पलखाली पार गाडले गेले होते, तो शेजारीच बसला होता, काही बोलला नाही, परत लाव म्हणाला फक्त. चार वेळा ऐकलं. गिटारचं पण खरं निघालं, माझ्याच गिटारला गेन भयंकर होता, सुरुवातीपासून तसाच रेकॉर्ड झालाय. तर माझे रिदम ट्रॅक तेवढे परत वाजवतोय, गेन निम्म्यावर आणून. हात किती कच्चा होता ते आता कळतंय म्हणून रोज सराव चाललाय. आणि एक नऊ मिनिटांची इन्स्ट्रुमेंटल आहे, ती विनाइलवरून काढली तर ४३ मिनिटं होतात. चालेल का?

सुई_आणि_खाच:
४३ चालेल, साडेएकवीस-साडेएकवीस. फक्त दोन्ही बाजू सारख्या येतील असा क्रम लाव, एक २५ आणि एक १८ असं नको.

बेसचा_भक्त:
ती इन्स्ट्रुमेंटल डिजिटलला तरी ठेव रे, टाकून देऊ नकोस. नऊ मिनिटं दोन गिटारी आणि मोकळा बेस, मला ऐकायचीये.