एआरटी (एचआयव्हीच्या गोळ्या) बंद करून काढा घ्यायचा? वैद्य म्हणतो ९० दिवसांत निगेटिव्ह

दिंडोरीवाला
नमस्कार मंडळी, नाव-गाव देत नाही, समजून घ्या. माझे मामा (वय ४६) दीड वर्षापासून एचआयव्ही पॉझिटिव्ह आहेत, सिव्हिलच्या एआरटी सेंटरमधून गोळ्या चालू, रोज रात्री एक. तब्येत बरी, वजनही वाढलंय. पण मामीच्या माहेरच्या कुणीतरी नाशिकमधल्या एका वैद्याचा पत्ता दिला आणि तेव्हापासून घरात दुसरा विषयच नाही. ९० दिवस काढा आणि भस्माच्या पुड्या, १८ हजार रुपये, आणि "इंग्रजी गोळ्या" आधी बंद करायच्या म्हणे, नाहीतर माझं औषध लागू पडणार नाही. मोबाइलवर पाच-सहा पेशंटचे रिपोर्ट दाखवले, खरंच "नॉट डिटेक्टेड" लिहिलेलं. मामा आता द्राक्षबागेच्या गोडी छाटणीत अडकलेले, दर महिन्याला नाशिकची चक्कर, रांगेत कुणी ओळखीचं भेटायची धास्ती, म्हणून त्यांनाही वाटतंय एकदाचं संपवून टाकू. मी काय सांगू? दोन्ही सोबत घेतलं तर चालेल का?

सातपूरचा जुना गडी
बंद करू नका. मी २००९ पासून खातोय. तेव्हा स्टॅव्हुडिन नावाचं जुनं औषध असायचं, गाल बसले, पायाला मुंग्या, म्हणून मीही एका बाबाच्या नादी लागून सात महिने गोळ्या सोडल्या. आणि खरी गंमत ऐका, पहिले दोन महिने एकदम झकास वाटलं, भूक लागली, मुंग्या कमी झाल्या, मी चार जणांना बाबाचा नंबर दिला (त्याची लाज अजून वाटते). अरे, साइड इफेक्ट गेले होते, आजार नाही! मग जिभेवर पांढरं, रात्री घाम, टीबी निघाला, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) ८८ वर. आताची टीएलडी गोळी (तीन औषधं एकाच गोळीत) त्या मानाने लई हलकी आहे, मामांचं नशीब समजा.

वैद्य, बीएएमएस
मी स्वतः आयुर्वेदवाला, तरी सांगतो. "नॉट डिटेक्टेड" म्हणजे रक्तात व्हायरस इतका कमी की मशीनला सापडत नाही, आणि हे एआरटीनेच होतं. तो पेशींमध्ये लपून बसलेला असतोच, गोळ्या सोडल्या की बहुतेकांना काही आठवड्यांतच परत वर येतो. ते पाच-सहा पेशंट गुपचूप एआरटी खात नाहीत कशावरून, हे त्या वैद्याला विचारा. बरं, ते रिपोर्ट एलायझाचे (एचआयव्हीची प्रतिद्रव्यं शोधणारी चाचणी) आहेत का व्हायरल लोडचे (रक्तात व्हायरस किती ते मोजणारी)? एलायझा तर उपचार चालू असतानाही पॉझिटिव्हच येते.

दोन्ही सोबत घ्यायचं म्हणाल तर तिथेही गोम आहे. शंखभस्म म्हणजे कॅल्शियम, मंडूर आणि लोहभस्म म्हणजे लोखंड. टीएलडीमधलं डोल्युटेग्राव्हिर पोटातच यांना चिकटतं आणि रक्तात नीट उतरत नाही. गोळी अशा गोष्टींच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची असते, अॅसिडिटीच्या अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमवाल्या औषधांचंही तेच. च्यवनप्राश असो की काढा, एआरटीच्या डॉक्टरला पुडी दाखवूनच घ्या. आणि एड्स बरा करतो असा दावा औषधाच्या नावाने करायला कायद्यानेच मनाई आहे.

मोकळं मत
सगळा फार्मा कंपन्यांचा धंदा आहे. ड्यूसबर्ग नावाचा कॅलिफोर्नियाचा मोठा प्राध्यापक म्हणतो एचआयव्हीमुळे एड्स होतच नाही. गुगल करा जरा.

सातपूरचा जुना गडी
केलं गुगल. त्याचं ऐकून दक्षिण आफ्रिकेत राष्ट्राध्यक्ष एम्बेकीच्या काळात सरकारनेच एआरटी रोखून धरली, आरोग्यमंत्री बाई लसूण, बीट, लिंबू खा म्हणत होत्या. हार्वर्डवाल्यांनी नंतर हिशेब काढला, ३ लाख ३० हजारांवर माणसं त्यापायी गेली. आणि धंदा म्हणता, आपल्याकडे २००४ पासून सरकार या गोळ्या फुकट देतंय, १८ हजार कोण मागतंय ते बघा की.

दिंडोरीवाले, मामांचा खरा त्रास रांगेचा दिसतोय. तब्येत स्थिर असेल तर दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देतात, काउन्सेलरशी बोला. जवळच्या लिंक सेंटरला (एआरटी सेंटरला जोडलेलं, गोळ्या देणारं छोटं केंद्र) नाव हलवता येतं का तेही विचारा. फोनवर विचारायचं तर एड्स हेल्पलाइन १०९७.

दिंडोरीवाला
सगळ्यांचे आभार. काल मामांची फाइल काढली, रेशनकार्डासोबत डब्यात ठेवलेली. त्यात ऑगस्टचा व्हायरल लोड, "टार्गेट नॉट डिटेक्टेड". म्हणजे वैद्य जे १८ हजारांत देणार होता ते आमच्या डब्यातच पडलेलं, कुणी वाचलंच नव्हतं. मामा बराच वेळ तो कागद हातात धरून बसले. सोमवारी काउन्सेलरकडे जातोय, तीन महिन्यांच्या गोळ्यांचं विचारू. मामीने मात्र ५ हजार ॲडव्हान्स देऊन टाकलेत, ते परत मागायला कोण जाणार यावरून आता घरात भांडण चालू आहे.