नवी दिल्ली स्थानकावरून मेट्रोने एम्सला: ज्येष्ठांना सोबत घेऊन जाणे कितपत सोयीचे?

तापीकाठ:
पुढील महिन्यात वडिलांना (वय 74) तपासणीसाठी दिल्लीच्या एम्समध्ये न्यायचे आहे. आईही सोबत असेल. जळगावहून आमच्यापुढे दोन पर्याय आहेत: पंजाब मेलने नवी दिल्लीला उतरणे किंवा मुंबईहून येणाऱ्या राजधानीने हजरत निजामुद्दीनला. घरातील सर्वांचे मत असे की मुख्य स्थानकावरच उतरावे, कारण तिथून एम्सपर्यंत थेट मेट्रो आहे. वडिलांचे गुडघे दुखतात, त्यामुळे जिने चढणे त्यांना जमत नाही. सामान दोन बॅगा आणि रिपोर्टांची एक जाडजूड फाईल एवढेच आहे. ज्यांनी हा प्रवास केला आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गलाईवाला:
माझे दुकान चांदणी चौकात आहे आणि गावाकडून येणाऱ्या पाहुण्यांना आणायला मी गेली अनेक वर्षे या स्थानकावर जातो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

थेट मेट्रो आहे हे खरे. पिवळ्या मार्गिकेवर नवी दिल्लीनंतर राजीव चौक, पटेल चौक असे करत आठवे स्थानक एम्सचे येते आणि मध्ये कुठेही गाडी बदलावी लागत नाही. अडचण मेट्रोत नाही, मेट्रोपर्यंत पोहोचण्यात आहे. नवी दिल्ली स्थानकाला 16 फलाट आहेत. पहिल्या फलाटाच्या बाजूला पहाडगंज आणि सोळाव्याच्या बाजूला अजमेरी गेट. मेट्रो अजमेरी गेटच्या बाजूला आहे. नवखा माणूस गर्दीच्या लोंढ्याबरोबर पहाडगंजकडे बाहेर पडतो आणि मग बॅगा घेऊन तोच पूल पुन्हा चढतो. माझ्या सख्ख्या मामांचे असेच झाले. त्यात बाहेर एका इसमाने त्यांना “आज मेट्रो बंद है” असे सांगून रिक्षात बसवले आणि एवढ्याशा अंतराचे मनमानी पैसे घेतले. असे कोणी सांगितले तर थांबू नये, उत्तरही देऊ नये.

तेव्हा गाडीतून उतरल्यावर ‘अजमेरी गेट’ हा फलक शोधावा आणि वडिलांसाठी लिफ्ट किंवा सरकता जिना कुठे आहे ते हमालाला विचारावे. 2022 पासून त्या बाजूच्या पादचारी पुलावरून मेट्रो स्थानकाकडे जाणारा स्कायवॉकही झाला आहे, त्यामुळे खालच्या वाहनांच्या गोंधळातून वाट काढावी लागत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: तिथे ‘नई दिल्ली’ याच नावाची मेट्रोची दोन स्थानके आहेत, एक पिवळ्या मार्गिकेचे आणि दुसरे विमानतळ एक्स्प्रेसचे. आपल्याला पिवळी हवी आणि गाडीवर ‘गुरुग्राम’ दिशेचे नाव हवे. ‘समयपूर बादली’ लिहिलेली गाडी उलट दिशेला, म्हणजे माझ्या दुकानाकडे नेईल. (तसे झाले तर चहाला या.)

सरोजिनी_नगर:
वरील माहिती अचूक आहे, परंतु मूळ सल्ल्याशी मी सहमत नाही. मुख्य स्थानक म्हणजे सोयीचे स्थानक, हा समज दिल्लीत फारसा खरा ठरत नाही. एम्स दक्षिण दिल्लीत आहे आणि निजामुद्दीन त्याच्या कितीतरी जवळ. आपल्याकडे राजधानीचा पर्याय असेल तर तोच घ्यावा. सराय काले खाँच्या बाजूने बाहेर पडले की गुलाबी मार्गिकेचे स्थानक आहे. तिथून पाचवे दिल्ली हाट-आयएनए. तिथे पिवळी मार्गिका धरली की एम्स पुढचेच. मात्र गुडघ्यांचा त्रास असताना एका स्थानकासाठी गाडी बदलण्यापेक्षा निजामुद्दीनहून सरळ टॅक्सी करावी, असे मी सुचवीन. मेट्रो मुक्कामाच्या पुढील दिवसांत उपयोगी पडेल.

तापीकाठ:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. राजधानीचे तिकीट पाहतो. परतीची गाडी मात्र नवी दिल्लीहूनच मिळते आहे, त्यामुळे एम्सहून तिथवर मेट्रोने यावे लागेल. त्यात काही विशेष काळजी घ्यावी का?

मधल्या_डब्यात:
मी माझ्या सासूबाईंना याच मार्गाने चार वेळा नेले आहे, त्यावरून सांगते. प्रवासाच्या दिशेने पहिला डबा स्त्रियांसाठी राखीव असतो. लिफ्ट फलाटाच्या ज्या टोकाला उतरवते तिथेच लोक उभे राहतात आणि आई पहिल्या डब्यात चढली की वडील मागे राहतात. पुरुष त्या डब्यात आढळल्यास दंड होतो, तेव्हा तिघांनी मधल्या डब्याशीच उभे राहावे आणि ज्येष्ठांच्या राखीव आसनावर कोणी बसले असेल तर निःसंकोच उठवावे. तिथे लोक बहुतेक वेळा न कुरकुरता उठतात.

प्रवेशद्वारावर प्रत्येक बॅग यंत्रातून जाते आणि अंगझडतीसाठी स्त्री-पुरुषांच्या रांगा वेगळ्या असतात, म्हणून फाईल, औषधे आणि मोबाइल कोणाकडे आहे हे आधीच ठरवून घ्या. संध्याकाळच्या गर्दीत राजीव चौकात दार उघडताच माणसांची लाट आत शिरते. नवी दिल्ली त्याच्या लगेच पुढचे स्थानक असल्याने पटेल चौक सोडल्यावरच दाराकडे सरकायला लागावे, पण अगदी दारात उभे राहू नये. पहिल्या खेपेला आम्ही बसूनच राहिलो आणि थेट चावडी बाजारला उतरलो. तिथले स्थानक जमिनीत इतके खोल आहे की वर येईपर्यंत सासूबाईंनी मला दोनदा विचारले, आपण अजून दिल्लीतच आहोत ना?