पॅराप्लेजिया (मेरुरज्जूच्या दुखापतीने पाय लुळे पडणं): नाडीवरून काढलेली एरोबिक क्षमता (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते) पटत नाही

नवा_फिजिओ
हाताने फिरवायचं एर्गोमीटर (भार मोजून व्यायाम देणारं यंत्र) आणि छातीचा हार्ट रेट पट्टा आहे; श्वासातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र नाही. दोन व्यक्ती: एकाची दुखापत टी-४ला, दुसऱ्याची टी-१०ला (छातीमागच्या मणक्यांच्या पातळ्या, आकडा वाढेल तशी खाली), दोन्ही पूर्ण, म्हणजे त्याखाली हालचाल-संवेदना नाही. भाराच्या दोन टप्प्यांवरची नाडी घेऊन रेष '२२० वजा वय' या अंदाजे कमाल नाडीपर्यंत वाढवली. टी-४ची क्षमता जास्त निघाली, पण दमतो तोच आधी. चूक कुठे आहे?

मेरुदंड
चूक रेषेच्या टोकाला आहे. हृदयाचा वेग आपोआप वाढवणाऱ्या नसा (सिंपथेटिक) साधारण टी-१ ते टी-५ मधून निघतात. टी-४ला पूर्ण दुखापत असेल तर त्यांच्यावरचं मेंदूचं नियंत्रण काही प्रमाणात तुटलेलं असतं. त्यामुळे '२२० वजा वय' एवढी नाडी त्याची बहुधा होणार नाही, आणि तुमची रेष मात्र तिथपर्यंत गेली. टी-१०ला हा अडसर नाही, तरी हाताच्या व्यायामात कमाल नाडी पायांच्या व्यायामापेक्षा साधारण १० ठोके कमीच भरते. शिवाय दोघांच्याही पायांचे स्नायू रक्त वर ढकलत नाहीत, म्हणून हृदयात परतणारं रक्त कमी पडतं.

हातचक्र
डॉक्टरांची परवानगी असेल तर अंदाज सोडा, थकेपर्यंतची चाचणी घ्या. खुर्चीचे ब्रेक लावा, धड पट्ट्याने बांधा. हँडलचा आस खांद्याच्या उंचीला हवा, आणि हात पूर्ण पुढे गेला तरी कोपर किंचित वाकलेलं राहायला हवं. या दोन गोष्टी हलल्या की पुढच्या वेळचा आकडा तुलनेचा राहत नाही, म्हणून मापं लिहून ठेवा.

बिनभाराने २-३ मिनिटं, मग दर मिनिटाला भार वाढवा: टी-१०ला १० वॉट, टी-४ला ५ वॉट. वेग मिनिटाला ६० फेरे. सांगूनही ५० च्या खाली घसरला की थांबा. एकूण ८ ते १२ मिनिटांत संपायला हवी. त्याआधीच संपली तर टप्पे मोठे होते. प्रत्येक टप्प्याला श्रमाची जाणीव ६ (काहीच श्रम नाही) ते २० (कमाल श्रम) च्या पट्टीवर विचारा. टी-४साठी ती नाडीपेक्षा भरवशाची.

नवा_फिजिओ
वॉटवरून ऑक्सिजनचा वापर काढता येईल का?

मेरुदंड
नेहमीचं सूत्र: वॉट गुणिले १८, भागिले वजन, अधिक ३.५. म्हणजे ६० वॉट, ७२ किलो = १८.५ मिली/किलो/मिनिट. पण त्यातलं ३.५ हे विश्रांतीचं मूल्य मेरुरज्जूला दुखापत नसलेल्यांचं आहे. दुखापतीनंतर ते सुमारे २.७ धरतात. सूत्र एकसारख्या भारासाठी आहे, दर मिनिटाला वाढणाऱ्या भारावर ते जास्तच दाखवतं. शिवाय वजनाने भागल्यामुळे, क्षमता तीच राहून नुसतं वजन घटलं तरी आकडा वाढतो. माझं मत: नोंदीत कमाल वॉट लिहा, ऑक्सिजन 'अंदाजे' म्हणून शेजारी.

हातचक्र
टी-६ आणि त्यावरच्या दुखापतीत एक गोष्ट विसरू नका: चाचणीआधी मूत्राशय रिकामं हवं. डोकं ठणकणं, चेहरा लाल होणं, सिस्टॉलिक (वरचा) रक्तदाब नेहमीपेक्षा २० किंवा जास्त वर जाणं हे ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया (दुखापतीखालच्या त्रासामुळे रक्तदाब अचानक चढणं) असू शकतं. नेहमीचा दाब ९० असेल तर १२० सुद्धा धोक्याचा. लगेच थांबा, ताठ बसवून ठेवा, पट्टे सैल करा, कॅथेटरची नळी दुमडली आहे का पाहा. दाब उतरत नसेल तर डॉक्टरांना तातडीने बोलवा. आडवं करू नका.

चाचणी संपल्यावर चक्कर आली तर उलट, दाब पडलेला असतो. तेव्हा खुर्ची मागे कलती करून पाय वर. म्हणून आधी दाब मोजा, मग हात लावा. शेवटी ३ मिनिटं बिनभाराने फिरवून घ्या.