ब्लीडरच्या भरवशावर राहू नका

स्विच बंद करून दोन मिनिटं थांबलं की लिनिअरमध्ये (हॅम रेडिओच्या पॉवर अॅम्प्लिफायरमध्ये) हात घालायला हरकत नाही, हा तुमचा हिशेब कागदावर बरोबर आहे. २४०० व्होल्ट, २२० मायक्रोफॅरडचे आठ कॅपॅसिटर सिरीजमध्ये, प्रत्येकावर १०० किलोओहमचा ब्लीडर, म्हणजे बंद केल्यावर चार्ज काढून टाकणारा रेझिस्टर. टाइम कॉन्स्टंट (व्होल्टेज सुमारे ३७ टक्क्यांवर उतरायला लागणारा वेळ) २२ सेकंद. पण एकच रेझिस्टर ओपन झाला की त्याच्या कॅपॅसिटरवर ३०० व्होल्ट तसेच बसून राहतात, आणि मीटरचा काटा शून्याच्या आसपास लोळत असतो. माझ्या ८१३ व्हॉल्व्हच्या सेटमध्ये नेमकं हेच झालं. पक्कड टेकली, ठिणगी उडाली, पक्कडीला खड्डा! अख्खी साखळी शॉर्ट केली तरी बाकीचे सात उलटे चार्ज होतात नि त्या एकावर अडीचशेहून जास्त उरतातच. तेव्हा डिस्चार्जची काठी साखळीला लावून झाली की प्रत्येक कॅपॅसिटरला वेगळी टेकवा. दुसरा हात खिशात.