आवाज, फोटो, व्हिडिओ: तुमच्या घरात खरंच काय बदललं? (अनुभव धागा)

कोकणवारा:
नमस्कार मंडळी. परवा रत्नागिरीच्या घरी माळा साफ करताना एक कॅसेट सापडली. बाबा ८६ ते ९४ मस्कतला होते, फोन परवडायचा नाही आणि आजीला वाचता येत नव्हतं, म्हणून पत्राऐवजी ते साठ मिनिटांची कॅसेट बोलून भरायचे आणि सुट्टीवर येणाऱ्या कोणाच्या तरी हाती पाठवायचे. ए बाजू त्यांची, बी बाजूवर आजी उत्तर बोलणार आणि तीच कॅसेट परत मस्कतला. टेपभोवती आम्ही सगळे बसायचो, बाबांनी "अभ्यास चालू आहे ना" विचारलं की मी टेपकडे बघून "हो" म्हणायचो. ही कॅसेट बाबांनी कायमचं परत येताना बरोबर आणलेली, म्हणजे दोन्ही बाजू भरलेल्या असणार. पण फीत तुटलीय. बाबा जाऊन सहा वर्षं झाली.

त्यावरून वाटलं तुम्हालाही विचारावं. आवाज-चित्र-व्हिडिओमुळे तुमच्याकडे बोलणं, शिकणं, करमणूक यात काय बदललं? रोजच्या साध्या गोष्टी लिहा. आणि फीत जोडता येत असेल कोणाला तर ते आधी सांगा.

धाकटा_भाऊ:
माझ्या ताईला जन्मापासून ऐकू येत नाही. लग्न होऊन ती नांदेडला गेली आणि पुढची कितीतरी वर्षं तिची खुशाली म्हणजे तिच्या सासूबाईंनी फोनवर सांगायचं, "बरी आहे". मेसेज करायची, पण खुणांच्या भाषेत वाक्याची मांडणीच वेगळी असते, लिहायची मराठी तिच्यासाठी दुसरी भाषा, त्यामुळे दोन शब्दांत संपायचं. "बरी. ये."

२०१६ च्या शेवटी घरात जिओचं सिम आलं आणि त्याच सुमाराला व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल सुरू झाला. पहिल्याच कॉलला आई आणि ताई पाऊण तास बोलल्या. त्यात आईला कळलं की मधे एकदा ताईला दिवस राहिले होते आणि ते मूल गेलं. दोन वर्षं झाली होती त्याला, आणि आम्ही इकडे "बरी आहे" ऐकून फोन ठेवत होतो.

एक गोष्ट ऐकू येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही, खुणा करायला दोन्ही हात मोकळे लागतात. ताई फोन पोळ्यांच्या डब्याला टेकवून उभा करते, खिडकीचा उजेड तोंडावर येईल असा. लाइट गेली की बोलणं बंद, अंधारात आवाज पोचतो, हात नाही दिसत. नेट कमी असलं की आपलं नुसत्या आवाजावर भागतं, तिला बोटं धूसर दिसली तर अर्थच बदलतो. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राने खुणांचा व्हिडिओ शब्दकोश केलाय, २०१८ मध्ये ३,००० शब्द होते, २०२१ मध्ये १०,००० झाले. भाच्याला ऐकू येतं, तो शाळेत आज काय शिकवलं ते सांगताना अडला की त्यात खूण शोधतो आणि आईला करून दाखवतो.

तिसरीच्या_बाई:
धाकटा_भाऊ, वाचून गलबलून आलं.

मी बीड जिल्ह्यात जि.प. शाळेत आहे. आमची निम्मी मुलं ऊसतोडीची. २०२० ला शाळा बंद, सह्याद्री वाहिनीवर जुलैत टिलीमिली सुरू झालं, पहिली ते आठवीचं, ज्यांच्या घरी टीव्ही होता ती मुलं बघायची आणि मला फोन करून सांगायची. पण दिवाळीच्या सुमाराला टोळ्या कारखान्याला गेल्या, कोपीवर (तिथल्या झोपडीत) कुठला टीव्ही? पुस्तकात क्यूआर कोड आहेत, त्याच कामासाठी आपल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींचं जगभर नाव झालं, अभिमानच आहे. पण उसाच्या फडात रेंज नसते, व्हिडिओ उघडत नाही. मग मी तीन-तीन मिनिटांची गोष्ट, पाढे, एक कविता असं बोलून पाठवायला लागले. आवाजाची फाइल हलकी, बैलगाडी रस्त्याला लागली की फोनवर उतरते, मग रात्री कोपीत ऐकायची. एका मुलीची आई म्हणाली, "बाई, तुमचं ऐकत ऐकत मलाबी पंधराचा पाढा आला." तो मेसेज मी अजून ठेवलाय.

नगरकर_शेतकरी:
आमच्याकडं करमणूक म्हणजे ट्रॅक्टरचा पेनड्राइव्ह. त्याच्याआधी मेमरी कार्ड, एसटी स्टँडजवळ एक दुकान होतं, चार जीबीचं कार्ड दिलं की भारूड, कीर्तन, जुनी गाणी, पाहिजे ते भरून द्यायचा. सीडीवर एक मिनिटाला दहा एमबी जागा जाते, एमपी३ ला साधारण एकच, म्हणून चार जीबीत सात-आठशे गाणी बसायची. रात्रीची लाइट असायची, पाणी धरायला एकटं जावं लागतं, खिशात कीर्तन चालू असलं की भ्या वाटत नाही.

वाचक_पुणे:
मी दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करते. पंखा बंद, खिडक्या बंद, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या संपायची वाट बघायची. नुसतं वाचून चालत नाही, पान नंबर बोलायचा, आकृती असेल तर ती शब्दांत सांगायची. भूगोलाचा एक नकाशा नीट सांगायला मला तीन प्रयत्न लागले. डेझी प्रकारात (दृष्टिहीनांच्या बोलक्या पुस्तकांसाठीचा फाइल प्रकार) फाइल केली की मुलांना थेट धड्यावर, पानावर जाता येतं, परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याचं मोल कळतं.

टेप_दुरुस्ती:
कोकणवारा, घाई करू नका आणि तशीच लावू नका. स्क्रूवाली जुनी कॅसेट घ्या, तिची फीत काढून तुमची रिळं त्यात बसवा. तुटलेली टोकं तिरकी कापून एकमेकांना भिडवा आणि मागच्या बाजूने कॅसेटची स्प्लायसिंग टेप लावा, साधी चिकटपट्टी नको, तिचा गोंद पाझरतो. मग पेन्सिलीने सावकाश गुंडाळा. टेपच्या हेडफोनच्या भोकातून केबल कॉम्प्युटरच्या लाइन-इनला, ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करा. आधी वेव्ह फाइल ठेवा, एमपी३ नंतर. पहिल्यांदा लावाल तेव्हाच रेकॉर्ड करा, दुसरी संधी मिळेलच असं नाही.

कोकणवारा:
टेप_दुरुस्ती, तुमचे फार आभार. रविवारी दुपारी केलं. ए बाजूला सुरुवातीची काही मिनिटं नुसती खरखर आहे, मग बाबा. बी बाजू मात्र पूर्ण आली. मागे कोंबड्या, पाऊस, आणि आजी मोठमोठ्याने विचारतेय की तिकडे तांदूळ कसला मिळतो, पेजेला बरा असतो का.