बर्लिनचा पहिला हिवाळा: पोराची तयारी कशी करून घ्यावी?

राजारामपुरीकर:
भाचा 22 वर्षांचा, मेकॅनिकल झालाय. ऑक्टोबरपासून बर्लिनला मास्टर्स. एपीएस (पदवीच्या कागदांची जर्मन पडताळणी), व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट (खर्चाचे पैसे आधी भरून ठेवायचं, महिन्याला ठरावीकच रक्कम सुटणारं खातं) झालं. घराबाहेर कधी राहिलेला नाही. पहिल्या चार-पाच महिन्यांत पोरं कशानं खचतात? इथनं निघायच्या आधी काय करून घ्यावं?

शिरोली नाका:
काका, सुरुवातीला पोरं कागदांपायी खचतात. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी करायची. त्याला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. ते देत नसेल तर खोली कितीही स्वस्त असो, घेऊ नये. बर्लिनमध्ये अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, म्हणून कोल्हापुरातनंच ऑनलाइन शोधायला लागा.

खोलीत गेल्या दिवशीच लेटरबॉक्सवर आडनावाची पट्टी लावायची. तिकडं पोस्टमन नाव बघून टपाल टाकतो. पट्टी नसली की टॅक्स आयडी, बँकेचं कार्ड, विम्याचं पत्र सगळं परत जातं, आणि पोराला वाटतं आपलंच कायतरी चुकतंय.

पैशाचंही बघा. ब्लॉक्ड अकाउंटमधनं सध्या महिन्याला 992 युरो सुटतात, तेही तिकडं चालू खातं उघडल्यावर. डिपॉझिट मात्र मूळ भाड्याच्या तिप्पट असू शकतं. ती रक्कम वेगळी ठेवा.

रंकाळा संध्याकाळ:
कागद मार्गी लागेस्तोवर नोव्हेंबर येतो. मग अंधार. डिसेंबरात बर्लिनला पावणेआठ तासही दिवस नसतो, आपल्याकडं अकरा तास असतो. त्यानं झोप बिघडते, मन उतरतं. सकाळी उजाडलं की अर्धा तास बाहेर चालायचंच, ढग असले तरी.

सगळ्यात जड जातो रविवार. दुकानं बंद, रस्ते शांत. त्या दिवसाला माणसांतलं एक काम बांधून द्या. विद्यापीठातले खेळाचे वर्ग स्वस्त असतात, पण नोंदणी उघडली की पटापट भरतात. तारीख आधीच लिहून ठेवायला सांगा.

फोनचं तुमच्या हातात आहे. हिवाळ्यात ते साडेचार तास मागं. आपण रात्री नऊला जेवून फोन लावतो तेव्हा तिकडं साडेचार, म्हणजे लेक्चर नाहीतर लायब्ररीची वेळ. आठवड्याचे दोन वार ठरवा. रोज तासभर व्हिडिओ कॉल चालला तर पोरगं तिथं रुजत नाही. दोन आठवडे जेवण चुकतंय, दिवसा झोपतंय, फोन टाळतंय असं दिसलं तर विद्यार्थी सेवा केंद्रातल्या समुपदेशकाकडं लगेच पाठवा. विद्यार्थ्यांसाठी सोय असते, इंग्रजीतही बोलता येतं.

तांबडा रस्सा:
जायच्या आधी महिनाभर रात्रीचा स्वयंपाक त्याच्याकडंच द्या. भात, आमटी, पिठलं, अंडा करी एवढं हातात बसलं की बास. कुकर तीन लिटरचा, स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा घ्या. अ‍ॅल्युमिनियमचा साधा कुकर इंडक्शनवर तापत नाही.

राजारामपुरीकर:
मनापासून आभार. कांदा-लसूण मसाला चालतो का? आजी तूप आणि पेढे पण बांधून देणार म्हणतीया.

तांबडा रस्सा:
मसाला न्या, दोन पिशव्यांत घट्ट पॅक करून. तूप-पेढे नको. युरोपियन युनियनबाहेरनं दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, कस्टमवाले काढून घेतात. आजींना म्हणावं, त्याऐवजी शेंगदाण्याचे लाडू वळा, पण तूप न घालता.